अर्धी पुसलेली ओळ

"पण सर, मी ओळ पुसली होती. मग चूक माझी कशी?"

हुदलीकर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या कॅन्सर रुग्णालयाचे सर्व्हर ते पंचवीस वर्षं सांभाळत होते. अन्वय चौबळ त्यांच्या हाताखालचा. पोरगा हुशार, त्यात वाद नाही. पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. चार वाजता त्याला चौकशी समितीपुढे उभं राहायचं होतं. दोष मशीनचा, असं सरांनी लिहून दिलं तरच नोकरी टिकणार होती.

"नीट सांग."

"जुन्या फायली उडवायच्या होत्या. आरएमची, म्हणजे उडवायच्या आज्ञेची, ओळ लिहिली. मग तिच्या आधी एको लावलं, म्हणजे मशीन आज्ञा पाळत नाही, पडद्यावर नुसती लिहून दाखवतं. तेवढ्यात दिसलं, फोल्डर भलतंच आहे. म्हणून कंट्रोल-यू दाबून ओळ पुसली आणि एंटर मारलं."

"पुसली का, ते बघितलंस?"

"माझ्या लॅपटॉपवर आज्ञा घेणारं शेल वेगळं आहे, सर, झेडशेल. तिथे कंट्रोल-यूने अख्खी ओळ जाते. इथे बॅश. इथे कर्सरच्या आधीचं तेवढंच जातं. एको गेलं, आरएम राहिलं. बटण तेच, शेल बदललं की तऱ्हा वेगळी. यात माझा काय गुन्हा?"

त्रेपन्न जणांच्या रेडिएशनच्या आखण्या गेल्या होत्या. बॅकअपची डिस्क नेमकी आठवड्यापूर्वी बंद पडलेली. आता पुन्हा स्कॅन, पुन्हा रांग. त्यांतल्या सरूबाई वाघमोडे तर पिशवी उचलून गावी निघून गेल्या. त्या आता येणार नाहीत, असं जावयाने फोनवर सांगितलं.

अन्वयला वाईट वाटत नव्हतं असं कसं म्हणावं? दोन दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पण नोकरीची भीती त्याहून मोठी होती.

"फरक कळला आता?" सरांनी विचारलं.

"पाठ झालाय, सर. झोपेतून उठवून विचारा."

सरांनी सर्व्हरचा कीबोर्ड पुढे ओढला. सावकाश एक ओळ लिहिली. उरलेल्या रुग्णांचं फोल्डर, त्याआधी आरएम. मग ओळीच्या सुरुवातीला जाऊन एको. कर्सर एकोपाशीच लुकलुकत राहिला.

"पूस. मग सही करतो."

एवढंच ना, असं मनात म्हणत अन्वयने हात पुढे केला. बोटं आपसूक गेली. कंट्रोल-यू. लगोलग एंटर.

एंटर दाबलं गेलं नाही. बोटाला काहीतरी मऊ, कोमट लागलं.

त्याने वर पाहिलं. एको गेलं होतं. आरएम जागच्या जागी होतं.

"सर... मला माहीत होतं..."

"बोट उचल. खाली माझा हात आहे."