दाऊद सारंगाचं शेवटचं पाणी

“...आधी उजवी बाजू, मग डावी. बोरीच्या पानांचं पाणी, शेवटच्या पाण्यात कापूर. सगळं येतं मला, चाचा. अजून किती दिवस मी नुसतं पडदा धरून उभं राहायचं?”

हसनचाचा कापराची पुडी बांधत राहिले. खाडीकाठच्या त्या गावात मयताला शेवटची आंघोळ चाळीस वर्षं तेच घालत आले होते. जुबेर त्यांचा शागीर्द. त्याचं पाठांतर पक्कं होतं, आणि ते त्याला स्वतःलाही पुरतं ठाऊक होतं.

“आज तू घाल,” चाचा म्हणाले.

जुबेरचा चेहरा उजळला.

“कोण गेलं?”

“दाऊद सारंग.”

...

अकरा वर्षांपूर्वी याच दाऊदनं भर धक्क्यावर जुबेरच्या बापाची गचांडी धरली होती. जाळीचोर म्हणाला होता. पुढं ती जाळी दाऊदच्याच माळ्यावर सापडली. त्यानं माफी मागितली नाही. बाप मात्र त्या दिवसापासून मान खाली घालून जगला आणि तसाच गेला.

“दुसरं कुणी नाही का?”

“उचलायला चौघे आलेत, तेही कसेबसे. तुला नको वाटत असेल तर पडदा धर.”

नको म्हणणं जुबेरला जमण्यासारखं नव्हतं. तो आत गेला.

फळीवर चादरीखाली दाऊद होता. एवढासा. धक्क्यावर केवढा थोराड दिसला होता!

जुबेरनं पानांची टोपली उचलली, परत ठेवली. चादरीचं टोक सारखं केलं, पुन्हा ओढलं. त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता.

“लवकर उरकू या, चाचा. ऊन चढतंय.”

“चढू दे.”

जुबेरनं दुआ म्हणायला सुरुवात केली. एक अक्षर चुकलं नाही. पण डोळ्यांपुढं दाऊदची मूठ होती, बापाच्या सदऱ्याचं तुटून घरंगळत गेलेलं बटण होतं. त्यानं चुलीवरच्या हंड्यात तांब्या बुडवला आणि दाऊदच्या खांद्यावर उपडा केला.

मधे चाचांचा हात आला.

वाफ उठली. तांब्या जुबेरच्या हातून सुटून फरशीवर आदळला. चाचांचा तळवा लालबुंद झाला होता.

“या अल्लाह! पाणी कढत होतं... मी गार मिसळलंच नाही!”

विसरलो, असं त्याला म्हणायचं होतं. पण विसरलो होतो का, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

चाचांनी डाव्या हातानं गार पाण्याची बादली त्याच्याकडं सरकवली.

जुबेरनं पाणी मिसळलं. मनगटावर घेऊन पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग हळू ओतलं, आधी उजव्या खांद्यावर. कानामागचा खारट मळ बोटानं काढला. चाचा भाजलेला हात छातीशी धरून बघत राहिले.



जुबेरला राहवेना. त्याचा आवाज चिडका निघाला, पण डोळे भरले होते.

“तुम्ही हात का घातलात, चाचा? मयत आहे तो. त्याला काय कळणार होतं?”

चाचांनी दाऊदच्या मिटलेल्या ओठांवरचं पाणी निपटलं.

“त्याला ओरडता आलं नसतं, बेटा.”