कोठडीतली सावली

माणसं जन्माला यायच्या आधीही पोलीस चौकी होती, आणि तिथे एक कुत्रा हवालदार होता. कोंबडीचं अंडं रोज चोरीला जायचं आणि हवालदार रोज एखादा कावळा उचलून आणायचा. पुरावा एकच, रंग काळा.

एके दुपारी त्याने भागी कावळीच्या पोराला, झिंग्याला, कोठडीत टाकलं. भागी तडक चौकीत शिरली.

“साहेब, पोराला सोडा. सकाळपासून तो माझ्याजवळ घरट्यातच होता.”

“काळा आहे ना? मग चोरच. जास्त बोललीस तर तुलाही आत टाकीन.”

“टाका की! पण मग त्या तुमच्या मागच्यालाही टाका. काळाकुट्ट आहे. तुम्ही खुराड्यापाशी जाता तेव्हा तोही तिथे असतो.”

हवालदाराने वळून पाहिलं. मागे त्याचीच सावली पडली होती.

“ए, नाव सांग!”

सावली गप्प.

“माजलास काय रे? चल आत!”

सावली एकटी आत जाईना, म्हणून हवालदार स्वतः तिला घेऊन कोठडीत शिरला. जागा पुरेना, तेव्हा त्याने झिंग्याला बाहेर ढकललं. भागीने लगेच कडी घातली.

दुसऱ्या दिवशी कोंबडी धावत आली. “अगं भागे, आज अंडं गेलंच नाही!”

“बघ!” हवालदार आतून ओरडला. “म्हणत होतो ना, चोर काळाच असणार! आता दार उघड.”

“नाही साहेब,” भागी म्हणाली आणि कडीवर ऐसपैस बसली. “चोर आत आहे तोवर दार उघडणार नाही.”