एका बोकडाचे एकवीस वाटे

"एक बोकड, खाणारे एकवीस! वीस मानकरी आणि एकविसावा मी. वाटे असे घाला की एकानंही 'मला कमी आलं' म्हणता कामा नये. कुणी म्हणालंच, तर तुमची मंडळी मोडली!"

जैतपाळ राजाचा हा हुकूम ऐकून वाघदऱ्याचे अकरा शेतकरी एकमेकांची तोंडं बघू लागले. या अकराजणांनी मंडळी करून आपली शेरडं एकत्र केली होती. पाळीपाळीनं चारायची, मटण एकाच दुकानात विकायचं, भावही एकच. दोन वर्षांत घराघरावर कौलं चढली आणि राजाच्या मुदपाकखान्याला मटण पुरवणारा मक्तेदार गुणाजी याच्या पोटात दुखू लागलं. पूर्वी एकेकाला गाठून तो पडत्या भावात बोकड उचलायचा! त्यानंच राजाचे कान भरले होते. मंडळी मोडली की बोकड पुन्हा त्याच्याच दावणीला.

आणि मानकरी तरी कसले! आमटीत मीठ कमी पडलं तरी तलवारीला हात घालणारे.

"पोरी, मेलो आपण!" अकरांपैकी एक, म्हाळू, कपाळ धरून म्हणाला.

"आपण कशाला मरतोय, आबा? मरंल तर बोकड मरंल!" त्याची लेक धुरपा हसली. "गावात वाटं घालतो तसंच घालायचं."

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या चौकात पळसाची पानं मांडली. धुरपानं वजनानं सारखे वाटे घातले, पण एका बोकडाला एकवीस मांड्या कुठून येणार? सेनापतीचा डोळा मांडीवर, खजिनदाराचा नळीवर. गुणाजी मिशीत हसत होता.

"म्हाराज," धुरपा म्हणाली, "आमच्यात रीत हाय. सगळ्यात मोठा माणूस वाट्यांकडं पाठ करून बसतो. मी वाट्यावर बोट ठिवून इचारीन, 'ह्यो कुणाचा?' त्यानं न बघता नाव घ्यायचं. हितं तुमच्याहून मोठं कोण?"

राजाला गंमत वाटली. तो लगेच पाठ फिरवून बसला.

"ह्यो कुणाचा?"

"सेनापतीचा!"

नेमकी मान आली. सेनापतीनं तोंड उघडलं, राजाच्या पाठीकडं पाहिलं आणि मिटलं. "उत्तम!"

"आन् ह्यो?"

"खजिनदाराचा!"

"वा! मला फासळ्याच आवडतात," खजिनदार नळीवरची नजर काढत म्हणाला.

राजाला असा चेव चढला की मांडीवर थापा मारत तो नावं पुकारू लागला. वीस नावं झाली, वीस मुजरे झाले, तक्रार एक नाही!

उरलं एकच पान. राजा वळून बघतो तर काय, हाडंच हाडं!

"महाराज!" गुणाजी आनंदानं ओरडला. "तुम्हालाच कमी आलं! म्हणा ना, म्हणा!"

राजाच्या कपाळाला आठी पडली. अकरा घरांचं पोट त्या एका पानावर येऊन टेकलं होतं! तरी धुरपा हात जोडून म्हणाली, "खुशाल म्हना, म्हाराज! फकस्त ह्यो वाटा तुमाला कुणी दिला, त्याचं नावबी सांगा. त्याला दंड काय करायचा ते आमची मंडळी ठरवंल!"

राजानं पानाकडं पाहिलं, गुणाजीकडं पाहिलं आणि असा खदाखदा हसत सुटला की पागोटं घरंगळून सेनापतीच्या पानात पडलं!

"मीच दिला! आणि मला पुरेपूर आला!" डोळे पुसत तो म्हणाला. "आजपासून मुदपाकखान्याचा मक्ता वाघदऱ्याच्या मंडळीला! पण मग या गुणाजीचं काय करू?"

"त्यास्नीबी मंडळीत घिऊ की!" धुरपा म्हणाली. "उद्या शेरडं चारायची पाळी त्यांचीच!"