कांबळ्यावरून उतरलेला श्रेष्ठी

पूर्वी मंदवाहिनी नदीच्या काठी वेणुतीर नगरात राजा सुबाहू राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका लाकूडव्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव नंदिक. पण ही कथा जितकी त्याची, तितकीच महाश्रेष्ठी सुमंगलाची. कारण शहाणपण नंदिकाजवळ आधीपासूनच होते. सुमंगलाला ते मिळवावे लागले.

वेणुतीर सखल जागी वसले होते. नदी आणि घरे यांच्यामध्ये मातीचा एक लांबलचक बांध होता आणि त्याची देखरेख पाच नागरिकांची बांधसभा करीत असे. या पाचांना वेतन नव्हते, इनाम नव्हते. जांभळाच्या झाडाखाली एक पांढरे कांबळे अंथरले जाई, त्यावर हे पाच जण बसत आणि बाकीचे नगर समोर जमिनीवर बसे. कांबळ्यावरची ती जागा हाच त्यांचा मोबदला. मात्र त्यांना एक मान असा होता, जो राजालाही नव्हता. पुराच्या वेळी सभेने नगारा वाजवला की लोक चुलीवरचा भात तसाच टाकून टेकडीकडे निघत. का, कशाला, असे कोणी विचारीत नसे. म्हणूनच शेजारच्या गावांत पुरात माणसे जात, पण वेणुतीरात शेळीसुद्धा जात नसे. नगराला याचा फार अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता.

सुमंगलाला तो जरा जास्तच होता. त्याचे आजोबा या कांबळ्यावर बसले, वडील बसले आणि आता तो सभेत सर्वांत ज्येष्ठ होता. रस्त्याने जाताना तो लोकांचे नमस्कार अशा थाटात घेई, की नदीसुद्धा याच्याच परवानगीने वाहते की काय असे पाहणाऱ्याला वाटावे. तरीही त्याला उगाच नावे ठेवू नयेत. भर पावसात चिखल तुडवत तो बांधावर फिरे, उंदरांची बिळे स्वतः वाकून पाही आणि त्यासाठी त्याने कोणाकडून कधी पानाचा विडाही घेतला नव्हता.

एका वर्षी कुंभारआळीजवळच्या वळणावर बांध आतून पोखरला गेला. तो नव्याने बांधणे भाग होते. दगडाने बांधायचा, की सागाचे खांब खोल ठोकून वर माती चढवायची, हे ठरवायला सभा बसली. सुमंगलाने चर्चा सुरू करताच सभेतला सर्वांत तरुण सदस्य उठून उभा राहिला. तो नंदिक होता.

"माझ्या वखारीत साग भरलेला आहे," तो म्हणाला. "खांब ठरले तर तो विकला जाईल. माझं मतही खांबांचंच आहे, कारण तिथली जमीन मऊ आहे, दगड खचेल असं मला वाटतं. पण माझं मत कुठं संपतं आणि वखार कुठं सुरू होते, हे माझं मलाच नीट सांगता येत नाही. तेव्हा या विषयात मी तुमच्यात बसत नाही."

एवढे बोलून तो कांबळ्यावरून उतरला आणि समोर लोकांमध्ये जाऊन बसला. त्याच्या शेजारी कुंभारआळीतली खेमा नावाची म्हातारी होती. तिने मान डोलावली आणि वर पाहून सहज विचारले, "हे बरं झालं. बाकीच्या चौघांचं कुणाचं काही आहे का यात?"

बिचारीने भाजीत मीठ आहे का, इतक्या साधेपणाने विचारले होते. पण सुमंगलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आम्ही इथं फुकट राबतो!" तो गरजला. "माझ्या तीन पिढ्यांनी या नगराची कवडी घेतली नाही. आणि आज मला असं विचारता? चोर समजता की काय?"

खेमा ओशाळली. आणि दगड ठरला.

आता खरी गोष्ट अशी, की पलीकडच्या डोंगरात दगडाची एक खाण होती आणि तिच्यात सुमंगलाचा अर्धा हिस्सा होता. खाण जावयाच्या नावावर होती, घरात तिला सगळे 'जावयाची खाण' म्हणत आणि म्हणता म्हणता सुमंगलालाही ती जावयाचीच वाटू लागली होती. त्यामुळे सभेत ओरडताना आपण काही लपवतो आहोत, हे त्याच्या मनाला शिवलेही नाही. दगड मजबूत असतो, असे त्याला मनापासून वाटत होते. मात्र ते मत खाणीकडूनच चालत आले असेल का, हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नव्हता. मानी माणसाचे असे होते. दुसऱ्याने विचारले तर त्याला अपमान वाटतो आणि स्वतःला विचारायची त्याला सवय नसते.

दगडांच्या गाड्या येऊ लागल्या. गाडीवान बैलांना पाणी पाजायला कुंभारआळीत थांबत, आणि गाडीवान म्हटले की गप्पा आल्याच. खाण कोणाची, हे आळीला दोन दिवसांत कळले. सुमंगलाला तोंडावर कोणी काही बोलले नाही. नमस्कार पूर्वीसारखेच होत राहिले, फक्त नमस्कारासाठी लोक आता थांबत नव्हते. श्रेष्ठीला कुंभारआळीची जागा दगडाच्या वखारीसाठी हवी आहे, असेही मागून कोणीतरी म्हणाले. ते खोटे होते. पण पहिली गोष्ट खरी निघाल्यावर दुसरीवर विश्वास बसायला वेळ लागत नाही.

भाद्रपदात वरच्या मुलखात पाऊस कोसळला आणि एका दुपारी मंदवाहिनी लाल होऊन आली. सुमंगल धावत बांधावर गेला. वळणावरचा दगड खचला होता आणि त्याच्या बुडातून गढूळ पाणी आत झिरपत होते. बांध आता फार वेळ टिकणार नाही, हे त्याला पाहताक्षणीच कळले. त्याने नगाऱ्यावर टिपरी टाकली.

वरच्या आळ्यांतले लोक निघाले. कुंभारआळीतले एकही दार उघडले नाही.

त्याने पुन्हा वाजवला. हात भरून आले तरी तो वाजवत राहिला. शेवटी एका बंद दारामागून आवाज आला, "आम्ही निघालो की मागं काय बांधणार, श्रेष्ठी? दगडाची वखार?"

सुमंगलाच्या हातातली टिपरी थांबली. तीन पिढ्या ज्या नगाऱ्यावर नगर जिवंत राहिले, तोच नगारा त्याच्या हाती नुसते चामडे होऊन बसला होता. नदीपेक्षाही त्याला या गोष्टीची भीती वाटली. तो वळला, तर नंदिक समोरून धावत येत होता.

"तू वाजव!" सुमंगलाने टिपरी त्याच्या हातात कोंबली. "तुझं ऐकतील. माझं आता कुणी ऐकत नाही."

"माझं ऐकतील, काका," नंदिक म्हणाला. "पण मग पुढच्या पुराला लोक सभेसाठी निघणार नाहीत, नंदिकासाठी निघतील. आणि मी त्या दिवशी परगावी असलो तर? नगारा मी पाठीवर घेतो. तुम्ही त्यांच्या दारात चला आणि खरं काय ते सांगा. एवढं करूनही दारं उघडली नाहीत तर टिपरी मी घेईन. माणसं बुडू देणार नाही मी."

असे म्हणून बोधिसत्त्वाने तो अवजड नगारा पाठीवर घेतला आणि पुढे चालू लागला. सुमंगल त्याच्या मागून गेला. आळीच्या तोंडाशी पाणी घोट्यापर्यंत आले होते. आजोबांचे नाव, वडिलांचे नाव, सगळे त्याला आठवले. मग दाराआड एक तान्हे मूल रडले आणि तो पुढे झाला.

"ऐका!" तो ओरडला. "खाणीत माझा अर्धा हिस्सा आहे! तुम्ही विचारलंत तेव्हा मी सांगितलं नाही, उलट ओरडलो. दगडाचे पैसे माझ्या घरात आले आणि तोच दगड आता खचला आहे. तुमच्या आळीतली मूठभर मातीही मला नको. मला कांबळ्यावरून उठवा, हवं ते करा, पण आत्ता घरातून निघा. मी हात जोडतो!"

नंदिकाच्या पाठीवरच्या नगाऱ्यावर त्याने टिपरी टाकली. पहिले दार खेमाचे उघडले. काखेत कोंबडी घेऊन ती बाहेर आली आणि सुमंगलाकडे एकवार पाहून म्हणाली, "हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?" मग ती आळीकडे वळून ओरडली, "चला गं, निघा! खरं बोलतोय तो!"

सगळी आळी निघाली. सुमंगल शेवटच्या घरापर्यंत गेला आणि दोन म्हाताऱ्यांना हाताला धरून टेकडीवर घेऊन आला. सूर्य मावळायच्या आत बांध फुटला. चाके, भट्ट्या, रचून ठेवलेली मडकी, सगळे वाहून गेले. माणूस गेला नाही. शेळीही गेली नाही.

पाणी ओसरल्यावर सभा भरली, तेव्हा सुमंगल कांबळ्यापासून दूर उभा राहिला. "माझी जागा दुसऱ्याला द्या," तो म्हणाला.

नंदिक म्हणाला, "काका, तुमच्या हिश्श्याचा दोष नाही. हिस्सा कुणाचाही असतो. गावात राहायचं म्हणजे शेत असणार, दुकान असणार, जावईही असणार. तो न सांगण्यात दोष होता. म्हणून आजपासून असं करू. कुठलाही विषय निघाला की आपण पाचही जण उभं राहून आपलं, आपल्या घरच्यांचं त्यात काय आहे ते मोठ्यानं सांगू. ज्याचं काही असेल तो त्या विषयापुरता खाली बसेल."

सभेतला एक जण कुरकुरला, "आपण फुकट राबतो. आपल्यालाही हा नियम?"

"आपल्याला तर आधी," नंदिक म्हणाला. "वेतन घेणाऱ्याला काय मिळतं, ते लोकांना ठाऊक असतं. आपल्याला काय मिळतं, ते आपण सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार?"

नियम ठरला. लोकांनी सुमंगलाला जागा सोडू दिली नाही. बांधासाठी सागाचे खांब ठरले, आणि ते ठरले तेव्हा नंदिक खाली बसलेला होता. त्याने आपल्या वखारीतला साग विकायला काढलाच नाही. सभेने तो वरच्या गावाहून आणवला. मग कुंभारांच्या घरांच्या पायाला दगड कुठून आणायचा, हा विषय निघाला.

सुमंगल उठला. "पलीकडच्या खाणीत माझा अर्धा हिस्सा आहे," तो साऱ्या नगराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला आणि गुडघ्यांवर हात टेकत कांबळ्यावरून उतरला. आता मान खाली जाणार, अशी त्याने मनाची तयारी केली होती. पण काय झाले कोण जाणे, पायांना जमीन लागली आणि त्याची मान ताठ झाली. खेमाने थोडे सरकून पदराने जागा झाडली. तिच्या शेजारी मातीत मांडी घालून महाश्रेष्ठी सुमंगल बसला. कांबळ्यावर इतकी वर्षे काढूनही त्याची छाती कधी एवढी भरून आली नव्हती.

पुढच्या पुराला नगाऱ्यावर पहिलीच टिपरी पडली आणि कुंभारआळीची सगळी दारे एकदम उघडली. टिपरी सुमंगलाच्या हातात होती.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली, ती विहारात चीवरे, म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, वाटणाऱ्या एका भिक्षूसाठी. चांगली चीवरे मिळालेल्यांत त्याचा भाचा होता. एका उपासिकेने त्याबद्दल विचारले, तेव्हा 'मी निःस्वार्थ सेवा करतो' असे म्हणून तो तिच्यावर संतापला होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूहो, त्या वेळचा सुमंगल म्हणजे हा चीवर वाटणारा भिक्षू. खेमा म्हणजे ती उपासिका. वेणुतीरचे लोक म्हणजे हा संघ, आणि लाकूडव्यापारी नंदिक म्हणजे मीच." शास्त्यांनी त्या दिवशी जिचा महिमा सांगितला, ती सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता होय.

तो भिक्षू आसनावरून उतरला, संघासमोर उभा राहिला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "तो माझ्या बहिणीचा मुलगा आहे."