जांभळ्या फुलाचं निर्माल्य

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनीही नुसतं ऐकलेलं असेल इतक्या वर्षांपूर्वी, एका तळ्याकाठी एक गाव होतं. तळं साऱ्या गावाचं. काठावरच्या घरांच्या परसदारी मात्र आपापल्या पायऱ्या होत्या.

अशाच एका घरात अनसाबाई एकटी राहायची. पायऱ्यांपुढच्या पाण्यात ती शिंगाडे लावायची आणि त्यांवरच तिची चूल पेटायची.

एकदा जत्रेतून तिनं जांभळ्या फुलांचं एक पाणरोप आणलं. फुलं देवाला वाहिली. रोप मात्र घंगाळात मावेना. देवाच्या फुलांचं रोप उकिरड्यावर कसं टाकायचं? तिनं निर्माल्याबरोबर तेही तळ्यात सोडलं, हात जोडले आणि निर्धास्त झाली.

रोपानं हातपाय पसरले. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत अर्धं तळं त्यानं झाकून टाकलं. खाली ऊन पोचेना. शिंगाड्याचे वेल कुजू लागले, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले.

गावकरी काय करायचे? सकाळी बांबू घेऊन आपल्या दारातलं तण शेजाऱ्याच्या दारात ढकलायचे. संध्याकाळी वारा फिरला की तेच तण परत हजर! शेजारचा दाजीबा इतका वैतागला, की कोयत्यानं सपासप तुकडेच करत सुटला. थोड्याच दिवसांत तुकड्यातुकड्याला मुळं फुटली.

अखेर चावडीवर पंच बसले.

"विष ओता पाण्यात. एकदाची कटकट मिटंल," दाजीबा म्हणाला. बऱ्याच माना डोलल्या.

अनसाबाईला पुढचं दिसत होतं. विषानं मासे मरणार, उरलेले शिंगाडे जाणार, आणि गाव पितं तेही हेच पाणी. पण अडवायचं तर खरं सांगावं लागणार. आणि तळं नासवणाऱ्याच्या पायऱ्या पाडायच्या, असा गावचा नियम होता.

ती उठून उभी राहिली.

"पंचहो, ते रोप मीच सोडलं. निर्माल्य म्हणून सोडलं. माझ्या पायऱ्या खुशाल पाडा, पण विष ओतू नका. आधी माझ्या दारापुढचं पाणी मला साफ करू द्या. पौर्णिमेला या, बघा, मग काय ते ठरवा."

मला या बाईचं फार कौतुक वाटतं, मंडळी. तिनं गप्प राहायचं ठरवलं असतं, तर कुणाला कळणार होतं?

पंचांनी परवानगी दिली. अनसाबाईनं तरंगते बांबू दोरीनं बांधून आपल्या पाण्याला कुंपण घातलं, म्हणजे सुटलेला तुकडा पुढे जायला नको. मग कंबरभर पाण्यात उभी राहून एकेक रोप मुळासकट उपटलं. कोयत्याला हातही लावला नाही. कमळाची पानं तिनं राखली. लव्हाळ्यात एक पाणकोंबडी अंड्यांवर बसली होती. तिला म्हणाली, "तू बस गं बाई, तुझं घर कोण मोडतंय?"

टोपल्या भरभरून तिनं तण वर नेलं, पावसाचं पाणी वाहून तळ्यात येणार नाही इतकं लांब, आणि खड्ड्यात पुरलं.

"देवाचं निर्माल्य मातीत?" दाजीबानं टोमणा मारला.

"का? माती काय देवाची नाही, दाजी?"

असं म्हणून अनसाबाई पुढची टोपली भरायला निघाली.

पौर्णिमेला पंच आले. सगळं तळं हिरवं होतं, फक्त अनसाबाईच्या दारात पाणी दिसत होतं. थोरले पंच पायरीवर बसले, ओंजळभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "या पायऱ्या पाडायच्या नाहीत. इथूनच आपण सगळे पाण्यात उतरू."

पहिला उतरला तो दाजीबा, टोपली घेऊन.

दिवाळीनंतर तळं मोकळं झालं. पुढच्या वर्षी अनसाबाईनं शिंगाड्याची पहिली टोपली दाजीबाच्या घरी धाडली, आणि तण पुरलेल्या खड्ड्यावर लावलेल्या वेलाचे भोपळे घरोघर गेले. निर्माल्य मातीला द्यायची रीत गावात पडली ती तेव्हापासून. कुठं एखादं जांभळं फूल दिसलंच, तर ज्याच्या दारात दिसेल तो ते मुळासकट काढतो, शेजाऱ्याकडे ढकलत नाही.

तात्पर्य: पाणी सगळ्यांचं असलं, तरी त्याची राखण आपल्याच पायरीपासून सुरू होते.