घडानाक्यावर गाडी का थांबते

“रूळ ओला आहे. मग घोडा पडलाच कसा? बोल!”

“पडला, साहेब. जनावर हाय. पडतंय कधी.”

“जनावर नाही पडत, हाकणारा पाडतो. ओढला असशील चाबूक. काढ तो बिल्ला.”

इन्स्पेक्टर साळवी हात पुढे करून उभा होता आणि ट्रामचा ड्रायव्हर इमाम छातीवरचा पितळी बिल्ला सोडवत होता. त्यांच्या मागे वळणावर अडकलेली गाडी, गुडघे फुटलेला घोडा आणि बाकांवर बसून तमाशा बघणारी माणसं. विहिरीच्या कठड्याशी रिकामा घडा कमरेवर घेऊन एक बाई उभी होती. तिचं नाव ठकूबाई. घोडा कशाने पडला हे त्या गर्दीत दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि इमामला. 

हे भांडण मुंबईत घोड्यांच्या ट्रामा होत्या तेव्हाचं. सव्वाशे वर्षं तर केव्हाच उलटली. जागा मात्र हीच, तुम्ही आत्ता उभे आहात ती. बघा, रस्ता इथे कोपरासारखा मोडतो. रूळ उखडले, विहीर बुजवली, चाळी पाडून टॉवर उभे केले. या कोपऱ्यात तेवढा हा दगडी घडा राहिला. त्याला शेंदूर नाही, नाव नाही, नवस नाही. आणि इथे बस थांबते. थांब्याची पाटी नाही, कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही, तरी वळण संपलं की बस क्षणभर उभी राहते. नवा माणूस घड्याळाकडे बघतो. जुना माणूस घड्याकडे.

तर असं सांगतात की, ट्रामची चाकं आसाला घट्ट बसवलेली असायची. सरळ रुळावर गाडी लोण्यातून सुरी जावी तशी जायची. वळणावर बाहेरच्या चाकाला वाट लांबची पडते, आतल्याला जवळची. आणि दोघं एकाच आसाला जखडलेली. एकाला पुढे जाता येत नाही, दुसऱ्याला मागे राहता येत नाही. संसारच म्हणा ना. मग चाकं किंचाळायची, रुळाला दात लावायची आणि घोड्यांच्या तोंडाला फेस यायचा. यावर उपाय एकच. गाडी यायच्या आधी रुळावर पाणी ओतायचं, म्हणजे चाकं घसरत घसरत वळण घेतात. आणि पुढचं चाक अडलंच तर पहारीने त्याला रेटा द्यायचा.

हे काम आधी ठकूचा नवरा करायचा. तो पटकीत गेला. तेराव्यानंतर ठकू ट्रामच्या कचेरीत जाऊन उभी राहिली. तिथला कारकून म्हणाला, “बाई, हे पुरुषाचं काम आहे.” ठकू म्हणाली, “इतकी वर्सं पाणी मी शेंदलं, घडा मी उचलला. त्यो निस्ता वतत हुता. आता वतायचं बी मीच करीन.” कारकुनाने वहीत नवऱ्याच्या नावावर रेघ मारून तिचं लिहिलं.

पण विरोध दुसरीकडून आला. तिची एकुलती लेक गोजरा एका गिरणीतल्या जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, घरी दिलेली. विहीणबाईंनी निरोप धाडला: रस्त्यावर पुरुषांत पहार घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईच्या दारात आमची सून पाऊल ठेवणार नाही. काम सोडा, मग बघू. ठकूने उलट निरोप दिला की हात पसरण्यापेक्षा पहार धरलेली बरी. बाणा म्हणजे बाणा! नाक मुरडणारे रोज तिच्याच पाण्यावरून घसरत घरी जायचे, ते कुणाला दिसत नव्हतं. पण बाण्याने दार वाजत नाही. गोजराचं येणं तुटलं ते तुटलंच.

आणि त्या कामासारखं एकटं काम नव्हतं, म्हणे. वळणावर गाडी थांबवायची नाही, हा पहिला नियम. कारण तिथे थांबलेली गाडी घोड्यांना पुन्हा हलवता येत नाही. दिवसभरात शेकडो माणसं ठकूच्या हाताच्या अंतरावरून जायची आणि एकही थांबायचं नाही. तोंडं यायची, वळायची, पाठी व्हायची. बोलणारा एकटा इमाम. लांबूनच त्याची हाक यायची, “ठकूबाई, पानी!” आणि वळण संपता संपता, “भलं होवो!” दिवसाकाठी तिच्या वाट्याला माणसाचं बोलणं यायचं ते एवढंच.

श्रावणातल्या सोमवारी मात्र तिसऱ्या प्रहरच्या गाडीत विहीणबाई गोजराला घेऊन महादेवाला जायच्या. ट्रामच्या बाजू उघड्या. गोजरा कडेला बसायची, सासू आतल्या अंगाला. सासूचा हुकूम, समोर बघायचं. गोजरा समोर बघायची आणि हिरव्या चुड्याचा हात तेवढा दांडीवरून बाहेर सोडायची. वळण चौदा पावलांचं. ठकू पहार घेऊन चाकाच्या बरोबरीने चौदा पावलं चालायची, डोळे त्या हातावर लावून. पुढे सरळ रूळ लागला की घोडे दुडकी धरायचे. संपला सोमवार.

त्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी चुडा मनगटावर ढिला दिसला. तोंड सुजल्यासारखं, डोळ्यांखाली काळं. दिवस गेले असतील? की उपाशी ठेवतात? की मारतात? चौदा पावलांत काय कळणार! ठकूने आठवडाभर तेच चघळलं. भाकरी थापताना, पाणी शेंदताना, पहार घासताना तेच. विचारायचं कुणाला? येणारी तोंडं तर पाठी होत होती.

तिसरा सोमवार आला. लांबून हाक आली, “ठकूबाई, पानी!” ठकूने भरलेला घडा उचलला, रुळापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

गाडी वळणात शिरली. चाकं किंचाळली, अशी की कबुतरं उडाली. सहाव्या-सातव्या पावलाला गाडी अडली, आणि ठकू दांडीला भिडली.

“गोजरा! काय गं झालंय तुला?”

“समोर बघ,” सासू म्हणाली.

गोजराने समोर बघितलं नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने आईकडे तोंड फिरवलं. “आई, सातवा लागलाय,” ती म्हणाली आणि हसली.

ठकूने तिच्या गालाला हात लावला. तेवढ्यात पुढचा घोडा जीव खाऊन ओढायला गेला, त्याचे नाल दगडावर सटकले आणि तो गुडघ्यांवर कोसळला. रक्त बघून ठकू भानावर आली. धावत जाऊन तिने अख्खा घडा रुळावर पालथा केला. पण आता त्याचा काय उपयोग! उपयोग झाला तो उलटाच. मागच्या गाडीतून साळवी उतरला, तेव्हा रूळ लख्ख ओला होता. ओल्या रुळावर गाडी हलकी जाते, तरी घोडा पडला, म्हणजे हाकणाऱ्याचा दोष. सरळ हिशेब.

इमामने कोरडा रूळ डोळ्यांनी बघितला होता. घोडा त्याने शिंगरू असल्यापासून वाढवलेला; त्याच्या गुडघ्यांवर स्वतःचं पागोटं बांधून तो उठला होता. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. पण त्याने ठकूकडे बघितलं, बाकावरच्या गर्भार पोरीकडे बघितलं आणि साळवीला म्हणाला, “पानी होतं, साहेब. चूक माझी.”

वर विहीणबाई गाडीतून सुनावत होत्या, “लोकांच्या वाटेत बाया उभ्या केल्यावर असंच व्हायचं!”

बिल्ला साळवीच्या तळहातावर पडला. त्याची टाचणी ठकूला दिसली. बोललं तर वळण जाणार, पहार जाणार. विहिणीसमोर बोललं तर लेक कायमची जाणार. न बोललं तर रोज दोनदा हाक मारणारा माणूस जाणार, तोही तिच्यासाठी खोटं बोलून. सगळे सांगतात की ठकूने घडा कठड्यावर ठेवला, पदर खोचला आणि गाडीतल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं एकच वाक्य बोलली. साळवीने वही मिटली. विहीणबाईंचंही तोंड मिटलं. भांडण तिथेच संपलं.

ते वाक्य सांगते. आधी पुढचं ऐका.

वहीत काही लिहिलं गेलं नाही. ठकूचं काम राहिलं. दुसऱ्या दिवशी इमामची गाडी वळण घेऊन सरळ रुळाला लागली आणि तिथे, जिथून घोड्यांना पुन्हा निघता येतं तिथे, एक घडा भरायला लागतो तेवढा वेळ थांबली. त्याचं बघून दुसरे थांबू लागले. हुकूम कुणी काढला नाही, म्हणे. साळवी गाडीत असला तर तो पलीकडच्या बाजूला बघायचा.

पण चौथ्या सोमवारी त्या बाकावर भलतंच कोणी होतं. विहीणबाईंनी वाट बदलली होती. त्या सुनेला लांबच्या रस्त्याने नेऊ लागल्या. गोजरा बाळंत झाली असेलच. मुलगा की मुलगी, हे ठकूला कधी कळलं नाही. एकोणीस वर्षं ती वळणावर होती, असं सांगतात. एकोणीस वर्षं प्रत्येक गाडी तिच्यासाठी थांबली. ती कडेच्या बाकावरून नजर फिरवायची, मग ड्रायव्हरला हात करायची, गाडी निघायची. इतक्या गाड्या थांबल्या, पण तिच्यासाठी कुणी उतरलं नाही.

पुढे विजेच्या ट्रामा आल्या, घोडे गेले. एका सकाळी ठकूही दिसली नाही. कठड्यावर भरलेला घडा तेवढा होता. मातीचा घडा किती दिवस टिकणार? म्हाताऱ्या इमामने पाथरवटाकडून हा दगडी करवून आणला.

आजही बस इथे थांबते. नव्या ड्रायव्हरला कुणी शिकवत नाही; पहिल्या दिवशी तो थांबला नाही तर मागून कुणीतरी म्हणतं, “अहो, घडा भरू द्या की!” सासरी निघालेली लेक गाडीत असेल तर ती खिडकीतून थोडं पाणी खाली ओतते. परवा एकीने बाटलीतलं ओतलं. कंडक्टर रागावला नाही. आजही भरउन्हात इथला रस्ता एवढ्याच तुकड्यात ओला दिसतो. लोक विचारतात, देव कोणता? देव नाही. एक बाई होती, आणि तिने भर रस्त्यात सांगितलं होतं,

“सायेब, इमामभाईचा बिल्ला त्याला परत द्या, रूळ म्या कोरडा ठिवला, माझी लेक गाडीत हुती आन् मला तिचं तोंड चौदा पावलांपरीस जास्त बघायचं हुतं.”