शाईखालच्या घोंगड्या

ढुम् ढुम् ढुम्! तो डफ म्हाकूबाईने लहानपणी ऐकला होता. "मेंढेवाडीने दर साली सरकारात घोंगड्या द्याव्यात होऽऽ!" किती, तेही दवंडीवाल्याने सांगितलं, पण नेमकी तेव्हाच वाडीतली सगळी कुत्री भुंकली. आकडा कोणाला ऐकूच आला नाही!

तेव्हापासून दिवाण अंतोजीपंत मागतील तेवढ्या घोंगड्या जायच्या. गेल्या साली चाळीस, औंदा साठ! वाडीतली म्हातारी माणसं ऐन थंडीत गोणपाट पांघरू लागली. शेवटी पंचांनी म्हाकूबाईला दरबारात धाडलं. विणण्यात तिचा हात कोणी धरत नसे, आणि बोलण्यातही.

"महाराज, मूळ हुकूम एकदा वाडीला दाखवा."

हैबतराजे हट्टी, पण शब्दाचे पक्के. "दाखवा हिला!"

दिवाणजींनी कागद आणला. वर शिक्का, खाली शिक्का, मधे शाईच शाई! कारकुनाने उरलेलं वाचलं, "मेंढेवाडीने घोंगड्या द्याव्यात."

"आणि बाकीचं?"

"राज्याचं गुपित आहे बाई," दिवाणजी म्हणाले. "आकडा शत्रूला कळला तर?"

"तर त्याला थंडी वाजेल, दुसरं काय!"

दरबार खो खो हसला. राजांना ते झोंबलं. "कागद मागितलास, मिळाला! आता आठ दिवसांत त्यात लिहिल्या आहेत तेवढ्याच घोंगड्या आण. एक कमी नको, एक जास्त नको! चुकलीस तर वाडीचा चराऊ डोंगर सरकारजमा!"

आठव्या दिवशी म्हाकूबाई बैलावर भलं मोठं गाठोडं लादून आली. चारी बाजूंनी शिवलेलं!

"उघडा, मोजा!" दिवाणजी ओरडले.

"हात लावू नका! गुपित आहे."

"अगं, न मोजता आकडा बरोबर आहे हे कळायचं कसं?"

"हेच तर विचारायला मी आले होते, दिवाणजी!"

राजे मिशीतल्या मिशीत हसले. "दिवाणजी, आकडा सांगा. मग गाठोडं उघडू."

"स... साठ, महाराज!"

राजांनी शाईने माखलेला कागद उलटून पाहिला. "ही तर नक्कल. दफ्तरातला अस्सल कागद आणा."

अस्सल आला. राजांनी स्वतः वाचला. "दोन? फक्त दोन!"

राजे म्हाकूबाईकडे वळले. "पण तुझ्या गाठोड्यात दोनच नसतील, तर डोंगर गेला!"

तिने विळ्याने शिवण उसवली. आत घोंगडी एकही नाही. नुसती लोकर!

"हे काय गं?"

"घोंगड्याच आहेत, महाराज. विणायच्या तेवढ्या राहिल्यात! आकडा आत्ता कळला. दोन विणते. एक कमी नाही, एक जास्त नाही!"

राजे इतके हसले, की मुंडासं घसरून मांडीवर आलं. "डोंगर वाडीला इनाम! आजपासून दफ्तराचं दार उघडं. मागेल त्याला कागद दाखवा, शाई न सांडता! आणि दिवाणजी, जादा घेतलेल्या घोंगड्या तुम्ही स्वतः घरोघर पोचवायच्या."

अंतोजीपंतांनी पहिल्या पाच घोंगड्यांची चळत खांद्यावर घेतली आणि ते मेंढेवाडीच्या वाटेला लागले.